लक्झरी एसयूव्ही लीजवर घेताय? या चुका टाळा

शोरूममध्ये बसल्या बसल्या पहिला प्रश्न येतो, "महिन्याला साधारण किती हप्ता डोक्यात आहे?" गिऱ्हाईक प्रामाणिकपणे आकडा सांगतं आणि सौदा तिथेच समोरच्याच्या हातात जातो. त्यानंतरचा तासभर जे चालतं ती घासाघीस नसते. सांगितलेल्या आकड्यापर्यंत हप्ता आणून बसवायची ती जुळवाजुळव असते. गाडी जितकी महाग, तितकी ही जुळवाजुळव सोपी, कारण इकडचे दोन-चार हजार तिकडे सरकले तरी कागदावर डोळ्यांत भरत नाहीत.

हप्ता, हप्ता आणि फक्त हप्ता

लीज म्हणजे गाडी विकत न घेता ठरावीक मुदतीसाठी हप्त्याने वापरायची आणि शेवटी परत करायची. तिचा हप्ता दोन तुकड्यांचा असतो. पहिला तुकडा घसाऱ्याचा. गाडीची आजची धरलेली किंमत, म्हणजे कॅप कॉस्ट, त्यातून लीज संपताना उरेल असं मानलेली किंमत, म्हणजे रेसिड्युअल, वजा करायची आणि महिन्यांनी भागायचं. दुसरा तुकडा व्याजाचा. कॅप कॉस्ट आणि रेसिड्युअल यांची बेरीज गुणिले मनी फॅक्टर, म्हणजे व्याज काढायचा लीजमधला गुणक. इथे बेरीज पाहून बरेच जण चमकतात, पण ते बरोबर आहे. तुमच्याकडे गाडीच्या रूपात अडकलेली रक्कम कॅप कॉस्टपासून रेसिड्युअलपर्यंत उतरत जाते, तिची सरासरी या बेरजेच्या निम्मी, आणि ते निम्मं मनी फॅक्टरमध्ये आधीच धरलेलं असतं. म्हणूनच मनी फॅक्टरला २४०० ने गुणलं की वार्षिक व्याजदर मिळतो: निम्म्याचे २, महिन्यांचे १२, टक्क्यांचे १००.

आता कागद समोर ठेवून पाहू. चलन कुठलंही धरा, कर बाजूला ठेवा. छापील किंमत ८०,०००. मुदत ३६ महिने. रेसिड्युअल ५६ टक्के, म्हणजे ४४,८००. लीज कंपनीची सुरुवातीची फी १,०००.

पहिलं गिऱ्हाईक हप्त्याचं नावच काढत नाही. आधी विक्री किंमत ठरवतं, ७५,००० वर आणतं. फी धरून कॅप कॉस्ट ७६,०००. मनी फॅक्टर लीज कंपनीच्या मूळ दराचा, ०.००२५०. घसारा ३१,२०० भागिले ३६, म्हणजे ८६६.६७. व्याज १,२०,८०० गुणिले ०.००२५०, म्हणजे ३०२. हप्ता १,१६८.६७, डाउन पेमेंट शून्य. तीन वर्षांत एकूण ४२,०७२.

दुसरं गिऱ्हाईक सुरुवातीलाच सांगतं, "अकराशेच्या आत बसवा." सेल्समन आत जातो, बाहेर येतो, पुन्हा आत जातो, आणि शेवटी हप्ता आणतो १,०९४. गिऱ्हाईक खूश. आता त्या कागदाच्या पोटात काय आहे ते बघा. किमतीत सूट फक्त १,०००, म्हणजे ७९,०००. फी धरून ८०,०००. डाउन पेमेंट ८,०००, म्हणून कॅप कॉस्ट ७२,०००. मनी फॅक्टर हळूच ०.००२९० केलेला. घसारा ७५५.५६, व्याज ३३८.७२, हप्ता १,०९४.२८. छत्तीस हप्त्यांचे ३९,३९४ आणि वर ८,०००, मिळून ४७,३९४.

गाडी तीच, मुदत तीच. दुसऱ्याने ५,३२२ जास्त मोजले, आणि घरी जाऊन सांगितलं की आपला हप्ता जवळपास पंच्याहत्तरने कमी बसला. असे कागद पाहिले की जीव तुटतो, कारण माणूस फसलेला असतो तो हिशेब येत नाही म्हणून नव्हे, प्रश्न चुकीचा विचारला म्हणून.

सवय एकच लावा. हप्त्याचा प्रश्न आला की उत्तर द्या, "आधी विक्री किंमत ठरवू." पुन्हा विचारलं तर पुन्हा तेच. आणि तुलना नेहमी एकूण रकमेची करा: हप्ते, सुरुवातीला भरलेले पैसे आणि परत करतानाची फी, सगळ्यांची बेरीज भागिले महिने. दुसऱ्या गिऱ्हाइकाचा खरा हप्ता असा काढला तर १,३१६.५० येतो.

छापील किमतीच्या १ टक्क्याच्या आत हप्ता बसला की सौदा चांगला, हा नियम सर्रास सांगितला जातो. त्यावर विसंबू नका. रेसिड्युअल आणि व्याजदर मॉडेलप्रमाणे आणि महिन्याप्रमाणे बदलतात. एका गाडीला १ टक्का म्हणजे साधा सौदा असतो, तर दुसरीला कितीही भांडलात तरी तो आकडा येणार नाही. वरच्या उदाहरणातला चांगला सौदासुद्धा जवळपास दीड टक्क्याचा आहे.

मोठं डाउन पेमेंट भरणं

कर्जावर गाडी घेताना जास्त डाउन पेमेंट भरणं शहाणपणाचं असतं. तीच सवय लोक लीजमध्ये आणतात आणि तिथे ती उलटते.

तिसऱ्याच महिन्यात मागून ट्रक आदळला आणि गाडी टोटल लॉस झाली असं धरा. विमा कंपनी बाजारभावाने पैसे देते, ते जातात लीज कंपनीकडे, कारण गाडी तिची आहे. विम्याचे पैसे कमी पडले तर तेवढा फरक गॅप कव्हर, म्हणजे याच फरकासाठीचं संरक्षण, असेल तर ते भरून काढतं. पण तुम्ही भरलेले ८,००० कोणीच परत करत नाही. ते कॅप कॉस्टमधून आधीच वजा झालेले असतात, म्हणजे तुमच्या पैशांनी लीज कंपनीची जोखीम कमी झालेली असते. त्याच ठिकाणी शून्य डाउन पेमेंटवाला माणूस तीन हप्ते भरून मोकळा होतो.

आणि त्या बदल्यात मिळतं काय? ८,००० भरल्याने हप्ता २४५ ने कमी होतो हे खरं, पण त्यातले २२२ तुमचेच पैसे परत येतात. व्याजाची बचत महिन्याला २३.२०, तीन वर्षांत ८३५. एवढ्यासाठी आठ हजार धोक्यात घालू नयेत. हप्ता जड वाटतोय म्हणून डाउन पेमेंट भरावंसं वाटत असेल, तर गाडी एक पायरी खालची घ्या. हे ऐकायला कोणालाच आवडत नाही, पण तिसऱ्या वर्षी हेच पटतं.

पैसे हाताशी असतीलच तर विचारा की लीज कंपनी जादा सुरक्षा ठेव घेऊन मनी फॅक्टर कमी करते का. काही कंपन्या करतात. ही ठेव मुदत संपल्यावर परत मिळते, म्हणून तिची गोष्ट वेगळी.

"सही करताना भरायची रक्कम" आणि डाउन पेमेंट एकच समजू नका. पहिल्या रकमेत पहिला हप्ता, नोंदणी, कर, फी हे सगळं येऊ शकतं. प्रत्येक ओळ वेगळी लिहून मागा. जाहिरातीतला देखणा हप्ता बहुतेक वेळा याच रकमेवर उभा असतो.

मनी फॅक्टर न विचारणं

सेल्समन म्हणतो, "लीजला व्याज नसतं, भाडं असतं." शब्दांचा खेळ आहे. भाड्याच्या नावाखाली व्याजच असतं, आणि लीज कंपनीने दिलेल्या मूळ दरावर आपला हिस्सा चढवायची मुभा डीलरला बऱ्याचदा असते. वरच्या उदाहरणात ०.००२५० म्हणजे ६ टक्के आणि ०.००२९० म्हणजे जवळपास ७ टक्के. दशांशाच्या चौथ्या घरातला हा फरक कोणाच्या नजरेत भरत नाही. पण ७६,००० च्या कॅप कॉस्टवर तो महिन्याला ४८ आणि तीन वर्षांत १,७४० होतो.

प्रश्न असा विचारा: "मूळ मनी फॅक्टर किती आणि तुम्ही लावलाय तो किती?" उत्तर टाळलं तर कागदावरून स्वतः काढा. हप्त्यातून घसारा वजा करा, उरलेल्या रकमेला कॅप कॉस्ट अधिक रेसिड्युअलने भागा. मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचं काम आहे. मात्र हप्ता करासकट दिलेला असेल तर कर आधी बाजूला काढा, नाहीतर उत्तर फुगलेलं येईल.

रेसिड्युअलशी भांडत बसणं

रेसिड्युअल डीलर ठरवत नाही, लीज कंपनी ठरवते. तिथे वेळ घालवू नका, ताकद विक्री किमतीवर लावा. पण रेसिड्युअल कशावर मोजतात हे नीट समजून घ्या. तो छापील किमतीच्या टक्क्यांत असतो, तुम्ही घासून आणलेल्या किमतीच्या नाही. म्हणून किमतीतून कमी झालेला प्रत्येक पैसा सरळ तुमच्या घसाऱ्यातून कमी होतो. कारखान्यातून बसून आलेले ऑप्शन छापील किमतीत धरले जातात, त्यामुळे त्यांनाही रेसिड्युअल मिळतो. डीलरने वरून बसवलेल्या फूटबोर्ड, छताच्या रॅक, फिल्म अशा वस्तूंना तो सहसा मिळत नाही. त्यांची अख्खी किंमत तीन वर्षांत तुम्ही फेडता आणि गाडीबरोबर परत देऊन येता.

डेमोची गाडी स्वस्त वाटते, पण आधी चाललेल्या अंतरासाठी रेसिड्युअल कापतात. सूट त्याहून मोठी असेल तरच हात घाला.

मोठ्या चाकांचा मोह

२१ किंवा २२ इंची चाकांची एसयूव्ही रुबाबदार दिसते, त्यात वाद नाही. पण त्या टायरची बाजूची भिंत बुटकी. खड्डा लागला की टायर फुगतो किंवा रिम वाकते, आणि फुटपाथला घासलेल्या रिमचे पैसे गाडी परत करताना लागतात. शिवाय वजनदार गाडी आणि ताकदवान इंजिन असलं की टायर लवकर झिजतात. परत करताना खोबणीची खोली साधारण ३ मिलिमीटरच्या आसपास तरी उरलेली असावी अशी अट बऱ्याच करारांत असते. म्हणजे मुदत संपण्याच्या तोंडावर चार महागडे टायर नवे घ्यायचे आणि गाडीबरोबर देऊन टाकायचे. १९ किंवा २० इंची चाकं मिळत असतील तर तीच घ्या. मोठीच हवी असतील, तर फायनान्सच्या खोलीत जी संरक्षणाची पॅकेजं पुढे करतात त्यातलं टायर-रिमचं तेवढं वाचून बघण्यासारखं असतं. रंगावरचा लेप, कापडावरचा लेप, काचेवर कोरलेला नंबर, या सगळ्याला नाही म्हणा. ते हप्त्यात घातले तर त्यांच्यावरही व्याज चढतं.

थोडक्यात उरकण्यासारख्या, पण रोज दिसणाऱ्या चुका

गाडी बनवणाऱ्या कंपनीची लीज सवलत आणि डीलरची सूट एकत्र करून "एवढे हजार कमी केले" असं सांगितलं जातं. कंपनीची सवलत तुम्हाला मिळणारच होती. डीलरने स्वतःच्या खिशातून किती सोडले ते वेगळं विचारा.

जुन्या गाडीचा भाव त्याच टेबलावर काढू नका. दुसरीकडून लेखी भाव घेऊन या. आणि जुन्या गाडीवर तिच्या किमतीपेक्षा जास्त देणं बाकी असेल, तर ते नव्या लीजमध्ये ढकलू नका.

अंतराची मर्यादा कमी घेऊन हप्ता खाली आणू नका. गेल्या वर्षभरात गाडी किती चालली ते ओडोमीटर आणि सर्व्हिसच्या बिलांवरून काढा आणि मगच आकडा लिहा. सुरुवातीलाच जास्त अंतर घेणं बहुतेक करारांत शेवटी दंड भरण्यापेक्षा स्वस्त पडतं.

वॉरंटीपेक्षा लांब मुदत घेऊ नका. एअर सस्पेन्शन बिघडलं की हप्त्यातली सगळी बचत एका दुरुस्तीत जाते.

"दोन वर्षांनी बघू, नाहीतर परत करू" असं म्हणून सही करू नका. लीज मध्येच मोडणं फार महाग असतं. लीज दुसऱ्याच्या नावावर करता येते का, मुदतीनंतर गाडी विकत घ्यायची किंमत किती आणि गॅप कव्हर करारात आहे की वेगळं घ्यायचं, हे तीन प्रश्न आधीच लेखी मिटवा.

त्याच दिवशी गाडी घरी न्यायची घाई करू नका. नवशिक्यांचं सगळ्यांत जास्त नुकसान याच अधीरपणाने होतं. एकाच मॉडेलची, त्याच ऑप्शनची चौकशी तीन-चार डीलरना ईमेलने पाठवा आणि सहा गोष्टी लेखी मागा: छापील किंमत, सवलती धरण्याआधीची विक्री किंमत, मनी फॅक्टर, रेसिड्युअल, सगळ्या फी, वार्षिक अंतर. जो डीलर फक्त हप्ता कळवतो त्याला सोडून द्या. सहीच्या वेळी हेच सहा आकडे कराराशी बोट ठेवून ताडून बघा. ईमेलमध्ये ७५,००० आणि करारात ७५,९०० असं सापडलं तर पेन खाली ठेवा आणि वरचे ९०० कशाचे ते विचारा.

परत करताना

शेवटचा महिना उजाडेपर्यंत थांबणारे इथे मार खातात. मुदतीच्या साधारण दोन महिने आधी तपासणी करून घ्या, म्हणजे कुठला ओरखडा बाहेर स्वस्तात निघतो आणि कशाचे पैसे तसेच भरलेले बरे ते ठरवायला वेळ मिळतो. काचेचा टवका वाढून तडा होण्याआधी भरून घ्या. टायर बदलायचे असतील तर मूळच्याच मापाचे आणि त्याच भारक्षमतेचे घ्या. फोर-व्हील ड्राइव्हला एक नवा आणि तीन झिजलेले असं चालत नाही.

मग घरात शोधाशोध करा. दोन्ही किल्ल्या, डिकीवरचं ओढायचं कव्हर, तिसऱ्या रांगेचे काढून ठेवलेले हेडरेस्ट, मागच्या स्क्रीनचे हेडफोन, चार्जिंगची केबल. तीन वर्षांत या वस्तू माळ्यावर जातात आणि लक्झरी गाडीची एक स्मार्ट किल्लीसुद्धा चांगलीच महाग असते. गाडी धुऊन दिवसाउजेडी चारही बाजूंचे, चारही रिमांचे, सीटचे आणि ओडोमीटरचे फोटो काढा, आणि गाडी ताब्यात घेतल्याच्या पावतीवर ओडोमीटरचा आकडा लिहून सही घेतल्याशिवाय किल्ली देऊ नका.