चालू व्हीएमला दुसरं नेटवर्क कार्ड

केव्हीएम म्हणजे लिनक्सवर व्हर्च्युअल मशीन (व्हीएम) चालवायची सोय. तिथे चालू व्हीएमला दुसरं कार्ड जोडायचं काम मी विर्श (virsh) हे कमांड टाइप करायचं साधन वापरूनच करतो. माऊस धरून खिडक्या उघडत बसायला मला वेळ नाही.

आधी ‘विर्श डोमिफलिस्ट’ आणि पुढे व्हीएमचं नाव. कार्डांची व्हीनेट० वगैरे नावं, सोर्स (कार्ड कुठल्या नेटवर्कला जोडलंय ते), मॉडेल आणि मॅक (कार्डाचा हार्डवेअर पत्ता) दिसतात. मॅक टिपून घ्या, सहसा ५२:५४:०० ने सुरू होतो. व्हीनेटच्या नावावर विसंबू नका, व्हीएम बंद-चालू केलं की ते बदलू शकतं.

आता ‘विर्श अटॅच-इंटरफेस’, व्हीएमचं नाव, टाइप नेटवर्क, सोर्स डिफॉल्ट, मॉडेल व्हर्टआयओ (व्हीएमसाठीच बनवलेला कार्डाचा प्रकार). शेवटी लाइव्ह आणि कॉन्फिग हे दोन्ही पर्याय द्या. मी एकदा नुसतं लाइव्ह दिलं. कार्ड छान चाललं. रविवारी व्हीएम बंद करून पुन्हा चालू केलं, तर कार्ड गायब! सकाळभर केबल तपासत होतो, व्हर्च्युअल कार्डाची केबल! नुसतं कॉन्फिग दिलं तर उलटं: व्हीएम पूर्ण बंद करून चालू केल्यावरच कार्ड दिसतं.

काढायला ‘डिटॅच-इंटरफेस’, पण एकाहून जास्त कार्डं असतील तर मॅक द्यावाच लागतो. फक्त तात्पुरतं तोडायचं असेल तर ‘डोमिफ-सेटलिंक’ला डाऊन सांगा.