घरात भाजी नाहीये? मग डब्यांकडे बघा

जुलैत चार दिवस सलग पाऊस लागला की मंडईत पालेभाजी म्हणजे निम्मा चिखलच, भाव चढलेले, आणि कोकणात तर जून-जुलै मासेमारी बंद म्हणून ताजी मासळीही नाही. याच दिवसांसाठी आपल्याकडे मे महिन्यात बेगमी करायची पद्धत होती, कडधान्यं, सांडगे, पापड, सुकी मासळी, आमसुलं सगळं भरून ठेवायचं. आता सगळ्यांना वाळवणं घालायला गच्ची नाही हे मान्य, पण यातलं जवळपास सगळं दुकानात मिळतं, आणि जे बाहेरदेशी राहतात (जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात, त्यांना विचारा) त्यांच्याकडे टीनचे डबे तरी असतातच. तेव्हा भाजी नाही म्हणून लगेच बाहेरून मागवू नका. डब्यातल्या वस्तूंवर रोजचं साधं, पोटभर आणि चवीचं जेवण होतं, फक्त ते कसं करायचं हे कळलं पाहिजे.

सगळ्यात आधी एक गोष्ट सांगते जी मला फार महत्त्वाची वाटते. कोरड्या सामानात ताज्या भाजीचा रस नसतो, म्हणून नुसती डाळ शिजवून तिखटमीठ घातलं की जेवण मातकट आणि जड लागतं, आणि मग लोक म्हणतात की असलं खाऊन कंटाळा येतो. कंटाळा डाळीचा नसतो, आंबट नसतं म्हणून येतो. आमसूल, चिंच, टोमॅटो, लिंबू, काहीही चालेल पण आंबट पाहिजेच, आणि त्यातही माझं मत आमसुलाला. ते रातांब्याच्या सालांचं असतं, मीठ आणि त्याच रसात भिजवून उन्हात सुकवलेलं, वर्षभर टिकतं, चिरायला-वाटायला काही लागत नाही, उकळत्या रश्शात टाकलं की झालं. घरात दहा प्रकारच्या डाळी आणण्याआधी पाव किलो चांगली आमसुलं आणा. ती मऊ, ओलसर, काळपट-जांभळी असावीत, चामड्यासारखी कडक झालेली घेऊ नका.

आता आमसूल घालायचं कधी, तर कडधान्य पूर्ण शिजल्यावर. आंबट आधी पडलं तर दाणे मऊ होत नाहीत, कितीही शिट्ट्या काढा. चिंच-टोमॅटोलाही हेच.

सुरुवात करणाऱ्याने कुळथाच्या पिठल्यापासून करावी, वीस मिनिटांचं काम आहे. दोघांसाठी चार मोठे चमचे कुळथाचं पीठ अर्धी वाटी गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवून ठेवा. कढईत दोन चमचे तेल, मोहरी तडतडली की हिंग, ठेचलेल्या सात-आठ लसूण पाकळ्या, हळद, तिखट (कांदा असेल तर तोही, नसला तरी अडत नाही), मग त्यावर दोन वाट्या पाणी, मीठ, तीन आमसुलं. पाण्याला खळखळून उकळी आली की कालवलेलं पीठ एका हाताने ओतायचं आणि दुसऱ्या हाताने ढवळत राहायचं. मंद आचेवर पाच-सहा मिनिटं शिजू द्या, कच्चट वास गेला पाहिजे. हे गार होताना घट्ट होतं म्हणून गॅस बंद करताना पातळच वाटलं पाहिजे. गरम भात, वर हे पिठलं, बाजूला भाजलेला पापड. सुकं खोबरं असेल तर चमचाभर वरून टाका, फार छान लागतं.

बेसनाचं पिठलं सगळ्यांना येतं असं म्हणतात पण बऱ्याच जणांचं कच्चं राहतं. अर्ध्या वाटीला दीड वाटी पाणी धरा आणि झाकण ठेवून पाच मिनिटं वाफ काढा, एवढंच.

कडधान्यांचं खरं दुखणं म्हणजे रात्री भिजत घालायचं राहून जातं. त्यावर उपाय आहे. चणे, वाटाणे, राजमा जे असेल ते भरपूर पाण्यात दोन मिनिटं खळखळून उकळा, गॅस बंद करून झाकून तासभर ठेवा, पाणी ओतून द्या आणि मग नव्या पाण्यात कुकरला लावा. रात्रभर भिजवल्याइतकं छान होत नाही कदाचित पण जेवायला काहीच वाईट नाही. मुगाच्या आणि मसूरच्या डाळीला तर भिजवायचीही गरज नाही. राजम्याची मात्र एक काळजी घ्या, तो अर्धवट शिजलेला खाल्ला तर उलट्या-जुलाब होतात कारण कच्च्या दाण्यात तसं विषारी द्रव्य असतं, त्यामुळे भिजवलेलं पाणी फेकायचं आणि दाणे निदान दहा मिनिटं चांगले उकळले पाहिजेत. कुकरमध्ये ते होतंच, पण परदेशात बरेच जण स्लो कुकर वापरतात, त्यात कच्चा राजमा थेट टाकू नका, तेवढी उष्णता त्यात येत नाही.

मला या सगळ्यात काळ्या वाटाण्याची आमटी सगळ्यात आवडते आणि ती अख्खी डब्यातल्या सामानातून होते. वाटीभर काळे वाटाणे रात्री भिजवून कुकरला पाच-सहा शिट्ट्या (जुने असतील तर दोन जास्त). एक कांदा उभा चिरून तेलावर लाल करा, त्याच कढईत अर्धी वाटी सुकं खोबरं खमंग भाजा, चार लसूण पाकळ्या, सगळं एकत्र बारीक वाटा. वाटणाचा रंग चांगला तपकिरी आला पाहिजे, इथे घाई केली तर आमटी पांढुरकी आणि पिचपिचीत होते. फोडणीत मालवणी मसाला दोन चमचे, वाटण, शिजलेले वाटाणे त्यांच्या पाण्यासकट, मीठ, उकळी, आणि शेवटी दोन-तीन आमसुलं. थोडे वाटाणे पळीने ठेचून घ्या म्हणजे रस मिळून येतो. दुसऱ्या दिवशी आणखी चांगली लागते म्हणून जास्तच करा.

सुकी मासळी खात असाल तर जवळा (अगदी बारीक सुकवलेली कोळंबी) डब्यात हवाच. वाटीभर जवळा कोरड्या तव्यावर मंद आचेवर तीन-चार मिनिटं कुरकुरीत भाजायचा, चाळणीने चाळून माती-कचरा काढायचा, मग दोन पाण्यातून पटकन धुऊन घट्ट पिळायचा. धुण्याचा कंटाळा केला तर दाताखाली रेती येते आणि सगळ्या जेवणाची मजा जाते. तेलात लसूण, दोन मोठे कांदे बारीक चिरून गुलाबी, हळद, तिखट, जवळा, दोन-तीन आमसुलं, पाण्याचा हबका मारून झाकण पाच मिनिटं. मीठ शेवटी चाखूनच घाला. तांदळाच्या भाकरीबरोबर खायचं. भाजताना खिडकी उघडी ठेवा आणि शेजारी नाक मुरडत असतील तरी चालू द्या, हे आपलं खाणं आहे आणि पिढ्यानपिढ्या पावसाळा यावर निघालाय.

सुकं खात नसाल तर सांडगे. मूग किंवा हरभऱ्याच्या डाळीचे मिळतात, तेलात लालसर परतून घ्या, निम्मे जाडसर ठेचा, मग कांदा-लसूण-तिखटाच्या फोडणीत टाकून गरम पाणी ओता. दहा-बारा मिनिटांत फुगतात. पाणी गरमच हवं, गार ओतलं की आतून दडस राहतात.

आता टीनचे डबे. इथे असताना फारसे लागत नाहीत, पण परदेशात एकट्या राहणाऱ्या मुलामुलींना यांचाच आधार असतो म्हणून नीट लिहिते. छोल्यांचा 400 ग्रॅमचा डबा घेतला तर पाणी काढून साधारण 240 ग्रॅम चणे हातात येतात, दोघांना पुरतात. ते आधीच शिजलेले असतात, त्यामुळे कुकर नको, फक्त चाळणीत ओतून चांगले धुवा, त्यातलं खारट बुळबुळीत पाणी गेलं की चव सुधारते. फोडणी, कांदा, गोडा मसाला, चणे, वाटीभर पाणी, गुळाचा खडा, आमसूल किंवा चिंच, पंधरा मिनिटांत उसळ तयार. टोमॅटोचा डबा घेताना अख्ख्या टोमॅटोंचा घ्या आणि हाताने कुस्करा. तुकडे केलेल्यांत बरेचदा ते घट्ट राहावेत म्हणून कॅल्शियम क्लोराइड घातलेलं असतं, मग कितीही परता, तुकडे विरघळत नाहीत. टीनच्या टोमॅटोला तेल सुटेपर्यंत परतायचा धीर ठेवा, नाहीतर रश्शाला डब्याचीच चव येते.

सार्डिन म्हणजे आपली तारलीच, आणि तिचा टीन जवळपास सगळीकडे मिळतो. टोमॅटो सॉसमधली नको, तेलातली किंवा मिठाच्या पाण्यातली घ्या, निथळून ठेवा. तेलात लसूण, कांदा, हळद, तिखट, असतील तर चार-पाच तिरफळं (कोकणात माशाच्या कालवणात घालतात ती वाळलेली मसाल्याची फळं) जरा ठेचून (आतली काळी बी काढून टाका), आमसुलं, अर्धी वाटी पाणी, हे सगळं सात-आठ मिनिटं उकळू द्या आणि मासे अगदी शेवटी अलगद ठेवून फक्त गरम करा. मासा आधीच शिजलेला आहे, जास्त ढवळलात तर भुगा होईल. तिरफळाचा वास आला की घरच्या तिखल्याची, म्हणजे माशाच्या तिखट-आंबट दाटसर कालवणाची, आठवण होणारच. याच्याबरोबर सोलकढी करा, नारळाच्या दुधाचा टीन त्यासाठी फार सोयीचा. सात-आठ आमसुलं वाटीभर कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून कुस्करून गाळा, त्यात अर्धा टीन नारळाचं दूध, तेवढंच पाणी, ठेचलेली लसूण पाकळी, मिरची, मीठ. गरम करायची नाही, फाटते.

डबा फुगलेला असेल, गळत असेल, जोडापाशी खोलवर चेपलेला असेल किंवा उघडताना आतून पाणी उडालं तर चाखूनसुद्धा बघू नका, सरळ फेका. त्यातलं विष जिवावर बेततं आणि त्याला वास-चव काही नसते. उघडून उरलेलं त्याच टीनमध्ये ठेवायचं नाही, स्टीलच्या किंवा काचेच्या डब्यात काढून फ्रिजमध्ये, आणि दोन-तीन दिवसांत संपवायचं.

साठवणीचं म्हणाल तर आपल्या दमट हवेत सगळं घट्ट झाकणाच्या डब्यात हवं आणि ओला चमचा कशातच जाता कामा नये. रवा आणल्या आणल्या भाजून ठेवा, पोरकिडे होत नाहीत. जवळा-बोंबील भाजून, गार करून फ्रीजरमध्ये, पिशवीवर पिशवी. कडधान्यं वर्षापेक्षा जुनी झाली की शिजता शिजत नाहीत म्हणून डब्यावर महिना लिहा आणि नवीन आणलेलं जुन्याच्या वर ओतू नका, आधी जुनं संपवा. कुळथाचं पीठ आणि बेसन मात्र एका वेळी अर्ध्या किलोच्या वर आणू नका, पावसाळ्यात महिन्याभरात वास लागतो, आणि असा वास लागलेल्या पिठाचं पिठलं आमसुलानेही सुधारत नाही.