बायझंटाईन स्तोत्रगायन: या चुका टाळा

सरावाला हार्मोनियम घेऊन बसायचं, ही सगळ्यात पहिली चूक. ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्चच्या या गायनात सप्तकाचे 72 सूक्ष्म भाग मानतात. स्वर पा, वू, गा, दी, के, झो, नी. नी ते पा 12 भाग, पा ते वू 10, वू ते गा 8. ‘नी’ला षड्ज धरलात तर वू हा हार्मोनियमच्या शुद्ध गंधारापेक्षा चांगलाच उतरलेला लागतो; पट्टी दाबली की तो हातचा गेला. हे 72 भागही 1880च्या दशकातल्या समितीने ठरवलेले, मध्ययुगातले नव्हेत. तेव्हा आकडे पडताळ्यापुरते, कान मात्र परंपरेतल्या गायकापाशीच तयार करा.

खरी फजिती स्वरलिपीत होते. इथलं चिन्ह स्वराचं नाव सांगत नाही, आधीच्या स्वरापासून किती चढायचं-उतरायचं तेवढंच सांगतं. ओलिगोन म्हणजे एक पायरी वर, अपोस्ट्रोफोस म्हणजे एक खाली. ‘पा’पासून ओलिगोन, ओलिगोन, अपोस्ट्रोफोस असं असेल तर वू, गा, वू. एक ओलिगोन नजरेतून सुटला की वू, पा, आणि पुढची अख्खी ओळ एका पायरीने खाली. चाल तरीही गोड वाटते, म्हणून लक्षातही येत नाही. मधूनमधून ‘मार्तिरिया’ची खूण येते, त्या जागी कोणता स्वर हवा ते ती सांगते. तिथे थांबा, जुळवा. जुळलं नाही तर आधीच्या खुणेपर्यंतच मागे जा, चूक त्या दोघींच्या मध्येच सापडेल.

आपल्याकडच्या गायकांची खास चूक म्हणजे ईसोनला, म्हणजे साथीच्या आधारस्वराला, तानपुरा समजणं. चाल दुसऱ्या स्वरक्षेत्रात गेली की ईसोनही जागा बदलतो. मध्ययुगीन हस्तलिखितांत तो लिहिलेला नसतो. आजच्या पुस्तकात दिसतो ती संपादकाची निवड. तसंच, काही एखोस, म्हणजे इथले रागासारखे स्वरप्रकार, ऐकताना भैरव आठवतो हे खरं, पण म्हणून भैरवाची आंदोलनं घालू नका!

आणि चौदाव्या शतकातला रचनाकार कुकुझेलिस छापील पुस्तकातून गाऊन ‘अस्सल मध्ययुगीन’ अशी जाहिरात करू नका. 1814च्या सुमारास ख्रिसांथोस, ग्रिगोरिओस आणि खुर्मुझिओस यांनी लिपी सुधारली. छापलेलं बहुतेक सगळं त्यानंतरचं वाचन आहे. जुनी चिन्हं थोडक्यात गायची की विस्ताराने, यावर कोपनहेगनचे संशोधक आणि ग्रीक गायक यांच्यात जुना वाद आहे. कोणतीही एक बाजू घ्या, कार्यक्रमपत्रिकेत तसं छापा. अर्धी ओळ अशी नि अर्धी तशी, हे मात्र दोघांनाही पटणार नाही.