मूल वेळेआधी वयात येत आहे का, हे कसे पडताळावे

“हल्ली सगळ्याच मुली लवकर वयात येतात,” हे पुण्यात शाळेच्या फाटकापाशी सर्रास ऐकू येते. पण त्यात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते. मुलीच्या छातीची वाढ 8 ते 13 या वयात केव्हाही सुरू होऊ शकते, त्यामुळे नवव्या वर्षी झालेली सुरुवात लवकरची वाटली तरी ती आजार नव्हे. मुलीत वयाच्या 8 आणि मुलात वयाच्या 9 वर्षांआधी बदल दिसले, तरच त्याला अकाली म्हणतात. असे साधारणतः 5,000 ते 10,000 मुलामुलींत एकदा घडते आणि मुलींत ते कितीतरी अधिक आढळते. टाळेबंदीच्या काळात अशा मुलींची संख्या वाढल्याचे पुण्यातील डॉक्टरांनीही नोंदवले आहे.

म्हणून सर्वप्रथम बदल दिसल्याची तारीख लिहून ठेवावी आणि जन्मतारखेवरून नेमके वय काढावे. अंगाने भरलेल्या मुलीत नुसती चरबीही छातीसारखी दिसते; खरी वाढ असेल तर स्तनाग्राखाली बटणासारखी घट्ट, कधी दुखरी गाठ लागते, आणि ती आधी एकाच बाजूला असली तरी घाबरू नये. मुलांमध्ये पहिला बदल वृषणांच्या आकारात होतो आणि तो घरी सहसा लक्षात येत नाही, त्यामुळे तो डॉक्टरांनीच तपासावा. उंची दर तीन महिन्यांनी दारामागे पेन्सिलने नोंदवावी, कारण ती एकाएकी झपाट्याने वाढू लागणे ही महत्त्वाची खूण असते.

शंका खरी वाटल्यास दूध बंद करणे, काढे देणे यांत महिने घालवू नयेत. बालरोगतज्ज्ञांकडे उंचीच्या जुन्या नोंदी घेऊन जावे. ते डाव्या हाताचा एक्स-रे काढून हाडांचे वय, म्हणजे ती कितपत पक्व झाली आहेत ते, पाहतात आणि गरजेनुसार संप्रेरकांची रक्ततपासणी करतात. मुलींत बहुधा काही कारण सापडत नाही, मुलांत मात्र ते अनेकदा सापडते, म्हणून मुलाच्या बाबतीत मेंदूचा एमआरआय सांगितला तर टाळू नये. उपचाराची गरज प्रत्येकीला नसते. जिथे असते तिथे महिन्याने किंवा तीन महिन्यांनी इंजेक्शन देऊन ही प्रक्रिया थांबवता येते, जेणेकरून हाडे लवकर जुळून उंची खुंटण्याचे टळते.

छातीची वाढ सुरू झाल्यावर साधारण दोन-अडीच वर्षांनी पाळी येते. तेवढ्या अवधीत आईने किंवा आजीने मुलीला सारे नीट समजावून सांगावे आणि वर्गशिक्षिकेच्या कानावरही घालावे.