बेसॉल्ट सावकाश थिजला तरी ग्रॅनाइट होत नाही

भूशास्त्राच्या पहिल्या वर्षाला 'बेसॉल्ट आणि ग्रॅनाइटमधला फरक' हा प्रश्न हातचा वाटतो. एक लाव्हाचा, बारीक कणांचा. दुसरा खोलवरचा, जाड कणांचा. याच पाठांतरातून चूक आत शिरते. बेसॉल्टचा शिलारस (वितळलेला खडक) खोलवर सावकाश थिजला की ग्रॅनाइट बनतो, असं डोक्यात बसतं आणि पुढे दोन वर्षं निघत नाही.

तसा थिजला तर गॅब्रो बनतो. भेगेत शिरून थिजला तर डोलेराइट. उलट ग्रॅनाइटचा रस जमिनीवर येऊन झटकन थिजला तर रायोलाइट. थंड होण्याचा वेग कणांचा आकार ठरवतो. खनिजं कोणती, हे रसात काय आहे त्यावर ठरतं. बेसॉल्टमध्ये सिलिका (सिलिकॉन आणि ऑक्सिजनचं संयुग) 45 ते 52 टक्के, ग्रॅनाइटमध्ये 70च्या आसपास. प्रावरणातला (भूकवचाखालच्या थरातला) पेरिडोटाइट हा खडक वर सरकताना दाब घटतो आणि त्याचा थोडा भाग वितळतो. तो बेसॉल्टचा रस. ग्रॅनाइटचा रस बहुधा भूकवचातले जुने खडक वितळून येतो, किंवा दुसऱ्या रसातून आधी थिजणारी खनिजं वेगळी होत गेल्यावर शेवटी उरतो.

वहीत चार घरं काढा: वर बेसॉल्ट, गॅब्रो, खाली रायोलाइट, ग्रॅनाइट. आडवं गेलं की कण बदलतात, उभं गेलं की रसायन. बेसॉल्टवरून ग्रॅनाइटकडे तिरपं जावं लागतं. क्लासच्या नोट्समधला दोन रकान्यांचा तक्ता हे तिरपेपण लपवतो, म्हणून तो मला अजिबात आवडत नाही.

आता प्रात्यक्षिक. रंगावर जाऊ नका. बाजारातला 'ब्लॅक ग्रॅनाइट' बऱ्याचदा डोलेराइट किंवा गॅब्रो असतो. ताजा फोडलेला पृष्ठभाग 10 पट भिंगाखाली धरा. ग्रॅनाइटमध्ये फेल्डस्पार या खनिजाच्या सपाट पाटी उजेडात चमकतात. क्वार्ट्ज काचेसारखं, थोडं तेलकट, वेडंवाकडं फुटलेलं असतं आणि चाकूने ओरखडत नाही. बेसॉल्टमध्ये क्वार्ट्ज दिसलं तर घाबरू नका: वायूच्या पोकळीत झिओलाइट, कॅल्साइट या खनिजांसोबत ते नंतर भरलेलं असतं, मूळ खडकाचं नव्हे. सह्याद्रीतल्या काही थरांत प्लॅजिओक्लेजचे (फेल्डस्पारच्या एका प्रकाराचे) स्फटिक काही सेंटिमीटर लांब असतात, तरी तो बेसॉल्टच. मोठ्या स्फटिकांमधला बारीक कणांचा भाग पाहा. थिजताना तडकून बनलेले खडकाचे खांबही फसवतात. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे बेसॉल्टचे आहेत, पण कर्नाटकातल्या मालपेसमोरच्या सेंट मेरी बेटांवरचे रायोलाइटच्या कुळातले.

शंका उरली तर वजनावरून घनता काढा. कोरडा, पोकळ्या नसलेला तुकडा हवेत तोला, मग दोऱ्याने टांगून पाण्यात बुडवून तोला. हवेत 290 ग्रॅम, पाण्यात 193 भरला तर फरक 97, आणि 290 भागिले 97, म्हणजे घनता पाण्याच्या जवळपास 3 पट. हा बेसॉल्टच्या बाजूचा. ग्रॅनाइट 2.65च्या आसपास येतो. तुकड्याला बुडबुडे चिकटले तर पाण्यातलं वजन कमी भरतं आणि बेसॉल्टही ग्रॅनाइटच्या आकड्याकडे सरकतो. दोन मिनिटं हलवून मगच वाचन घ्या.

पहिल्या सत्रात निम्मे नमुने चुकतात, तेवढं चालतं. मात्र पेटीतल्या चिठ्ठ्या वाचून नमुने पाठ करू नका. चिठ्ठ्या काढून ठेवणारे सर किंवा मॅडम मिळाले तर त्यांचा तास चुकवू नका.