हाती राऊटरने पोलादात खाच पाडण्यापूर्वीची तयारी

आधी कानस हातात घ्या. मालाच्या कडेवर ती एकदा जोर देऊन ओढली आणि चावली, तर पुढे जायचं. नुसती घसरली तर माल कडक आहे, बेत तिथेच सोडा. साधं एम.एस. (माइल्ड स्टील, म्हणजे मऊ पोलाद) जमतं. स्टेनलेसच्या नादी लागू नका, कटर जरा घासला की तिथला थर आणखी कडक होत जातो. प्लेटवर काळी पापडी असेल तर खाचेच्या पट्ट्यातली ग्राइंडरने काढा, ती धार खाते.

मग कटर, आणि खरा घोळ इथेच होतो. लाकूडकामाचा राऊटर (कटर फिरवून खाच पाडणारं हातातलं यंत्र) सगळ्यात कमी वेगावरही मिनिटाला १०,००० फेऱ्यांच्या आसपास फिरतो. त्या वेगाने ६ मिमी कटरची धार मिनिटाला १८८ मीटर धावते. एम.एस.मध्ये हायस्पीड स्टीलच्या कटरला ३० मीटरच्या आसपासच झेपतं, त्यामुळे तो कटर बघता बघता निळा पडतो. लाकडाच्या बिटाला (कटरला) कार्बाइड या अतिकडक धातुमिश्रणाची टिकली असली तरी तिची धार लाकडासाठी लावलेली असते, पोलादात तिचे टवके उडतात. घ्यायची ती धातू कापायची एंड मिल (टोकाने आणि बाजूने कापणारा कटर): अख्खी कार्बाइडची, ४ धारांची, आखूड, टायटॅनियम-अ‍ॅल्युमिनियम नायट्राइडचा काळसर थर असलेली. व्यास ४ मिमी. मग धारेचा वेग १२६ मीटरवर येतो. ६ मिमी रुंद खाच हवी असेल तर त्याच कटरने शेजारी-शेजारी दोनदा जा. एक कटर जादा ठेवा, मोडतोच.

कटरचा दांडा म्हणजे शँक; ६ मिमी शँकला ६ मिमीचंच कॉलेट (राऊटरमधली शँक धरणारी पकड) हवं. पाव इंची कॉलेट ६.३५ मिमीचं असतं. त्यात शँक आवळल्यासारखा वाटतो आणि चालू कामात खाली सरकतो. शँक निदान २० मिमी आत जाऊ द्या, पण तळाला टेकवून आवळू नका.

राऊटर आतून-बाहेरून ब्रशने झाडा आणि टेबलावरचा लाकडाचा भुसा एकूण एक काढा. तापलेले कण भुशात पडले की तो धुमसत राहतो, म्हणून लाकूडकामाची धूळपिशवीही काढून ठेवा. तळपट्टीखाली बारीक चुरा अडकला तर राऊटर हेलकावतो. प्रत्येक पासनंतर (कटरच्या एका फेरीनंतर) पुसायला ब्रश हाताशी असू द्या. कॉम्प्रेसरची हवा मारू नका, चुरा थेट मोटारीत जातो.

प्लेट चार क्लॅम्पने जड टेबलाला आवळा. सरळ पट्टीही क्लॅम्पनेच धरायची, आणि राऊटर पुढे ढकलणार असाल तर ती डाव्या हाताला. कटर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो, त्यामुळे राऊटर डावीकडे ओढला जातो आणि पट्टीला चिकटून चालतो. पट्टी उजवीकडे असली तर खाच वाकडी गेलीच म्हणून समजा.

एका पासची खोली ०.२ मिमी, त्याहून हावरेपणा नको. खोलीच्या स्क्रूचा आटा १.५ मिमीचा (एका फेऱ्याला १.५ मिमी सरकणारा) असेल तर आठवा हिस्सा फेरा म्हणजे जेमतेम ०.१९ मिमी. म्हणजे २ मिमी खोल खाचेला दहा-अकरा पास. शक्यतो प्लेटच्या कडेतून शिरा; मधूनच सुरुवात असेल तर आधी ४.५ मिमीचं छिद्र पाडून कटर त्यात उतरवा. सेकंदाला ६-७ मिमी या चालीने न थांबता पुढे सरका. पाणी किंवा कूलंट नको: विजेचं यंत्र हातात आहे, शिवाय तापलेल्या कार्बाइडवर थेंब पडले की त्याला तडे जातात.

बंद गॉगल आणि त्यावर फेसशील्ड, कानांना मफ, बटणं लावलेल्या बाह्या. हातमोजे मात्र नाहीत, फिरत्या कटरने ते ओढले तर बोटंही जातात. यंत्र आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) असलेल्या प्लगवरच लावा.

शेवटी त्याच मालाच्या तुकड्यावर एक पास घ्या. सुईसारखे टोचरे कण उडाले तर चाल बरोबर आहे. पिठासारखी भुकटी पडली तर कटर कापत नाही, घासतोय. जरा वेगाने सरका. लालभडक ठिणग्या उडाल्या तर धार गेली आहे, कटर बदला.