मधघराच्या फरशीचा हिशोब

दारव्ह्याजवळच्या आमच्या घरात मधघर, म्हणजे मधली खोली, अजून शेणानं सारवायचो. यंदा कापसाचे पैसे आले, तेव्हा टाईल्स लावायचं ठरलं. मिस्त्री म्हणाला, "भाऊ, नऊ पेट्यात भागते." पण पेट्या तालुक्याहून आणायच्या, दोन कमी पडल्या तर पुन्हा भाड्याची गाडी. म्हणून टेप घेऊन मीच बसलो.

जुनी भिंत सरळ नसते, म्हणून दोन्ही टोकांना मोजलं आणि मोठं माप धरलं: १३ फूट ४ इंच बाय १० फूट ८ इंच. ४ इंच म्हणजे ०.४ फूट नव्हे, ०.३३, बारानं भागायचं. क्षेत्रफळ १४२ चौरस फूट.

खरी गोम पेटीवर होती. दुकानात '२ बाय २' म्हणतात, पण छापलेलं माप ६०० मिलिमीटर, म्हणजे साडेतेवीस इंचांच्या किंचित वर. चारची पेटी १६ नाही, १५.५ चौरस फूटच झाकते. म्हणजे एक टाईल ३.८७ चौरस फूट. १४२ ला ३.८७ नं भागलं, ३७ टाईल्स. कापण्या-फुटण्याचे दहा टक्के धरून ४१.

स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या पायथ्याला लावायची टाईलची पट्टी, मिस्त्रीच्या हिशोबात नव्हतंच! दार सोडून ४५ फूट. त्याला २३ पट्ट्या लागतात; एका टाईलमधून चार इंची पाच पट्ट्या निघतात, म्हणून आणखी ५ टाईल्स. एकूण ४६, बारा पेट्या.

सगळ्या पेट्यांवरचा बॅच आणि शेड नंबर मात्र एकच बघून घ्या. दुसऱ्या बॅचचा रंग उन्हात लगेच वेगळा दिसतो. उरलेल्या टाईल्स आईनं धान्याच्या कोठीमागं उभ्या ठेवल्यात.